वेगवेगळ्या रॅममुळे मदरबोर्ड जळत नाही

जुना डेस्कटॉप वापरणाऱ्यांमध्ये एक संदेश सतत फिरत असतो. त्याचे म्हणणे असे की, वेगळ्या कंपनीच्या, वेगळ्या वेगाच्या किंवा वेगळ्या क्षमतेच्या दोन रॅम एकत्र लावल्या तर मदरबोर्ड जळतो, निदान ड्युअल चॅनल (रॅमशी दोन वाटांनी एकाच वेळी देवाणघेवाण करण्याची सोय) तरी बंद पडते. म्हणून जुनी रॅम टाकून एकसारखी नवी जोडीच घ्यावी. या सल्ल्यापायी धडधाकट रॅम भंगारात जाते, याचे मला मनापासून वाईट वाटते.

आधी जळण्याची भीती पाहू. जुन्या डेस्कटॉपमधल्या डीडीआर३ पिढीच्या रॅमला १.५ व्होल्ट लागतात आणि ते मदरबोर्ड पुरवतो. स्टिकवर, म्हणजे रॅमच्या पट्टीवर, कोणत्या कंपनीचे लेबल आहे, याचा त्याच्याशी संबंध नाही. १.३५ व्होल्टची डीडीआर३एल रॅमसुद्धा १.५ व्होल्ट सोसेल अशीच बनवलेली असते. आधीच्या पिढीच्या डीडीआर२ची खाच वेगळ्या जागी असल्याने ती डीडीआर३च्या स्लॉटमध्ये बसतच नाही. नुकसान होते ते जबरदस्तीने दाबल्यामुळे किंवा वीज चालू असताना रॅम काढल्या-घातल्यामुळे.

वेगाचा मुद्दा त्याहून सोपा आहे. प्रत्येक स्टिकवरच्या एसपीडी नावाच्या छोट्या चिपमध्ये तिचा वेग आणि टायमिंग (प्रतिसादाला लागणारा वेळ) नोंदलेले असते. बायोस, म्हणजे मदरबोर्डवरचा संगणक सुरू करणारा प्रोग्रॅम, सुरुवातीलाच ते वाचून दोन्हींना झेपेल असा वेग ठरवतो. १३३३ आणि १०६६ वेगाच्या रॅम एकत्र लावल्यास सहसा दोन्ही १०६६ वर चालतात.

क्षमता वेगळी असली की ड्युअल चॅनल पूर्ण बंद पडते, हेही खरे नाही. इंटेलच्या अनेक जुन्या चिपसेटमध्ये (मदरबोर्डवरच्या नियंत्रक चिपांमध्ये) फ्लेक्स मेमरीची सोय आहे : एका चॅनलवर ४ जीबी आणि दुसऱ्यावर २ जीबी लावल्यास दोन्हींकडचे २-२ जीबी ड्युअल चॅनलमध्ये चालतात आणि उरलेले २ जीबी सिंगल चॅनलमध्ये.

खरी अडचण संदेशात आलेलीच नाही, ती म्हणजे चिपची घनता, स्टिकवरच्या एकेका चिपमध्ये किती डेटा मावतो ते. इंटेल जी४१ चिपसेटचे डीडीआर३ बोर्ड अजूनही पुष्कळ घरांत आहेत. हा चिपसेट २ गिगाबिटपर्यंतच्याच चिप ओळखतो (८ गिगाबिट म्हणजे १ जीबी). त्यामुळे ४ जीबीची स्टिक घ्यायची तर तिच्यावर दोन्ही बाजूंना मिळून १६ चिप हव्यात. आज सर्रास मिळणाऱ्या ८ चिपांच्या ४ जीबी स्टिकमध्ये प्रत्येक चिप ४ गिगाबिटची असते आणि ती या बोर्डावर चालत नाही. म्हणजे एकाच कंपनीची, एकाच पाकिटातली, हुबेहूब सारखी जोडी आणूनही पडदा काळाच राहू शकतो, तर १६ चिपांची जुनी, वेगळ्या कंपनीची स्टिक बिनतक्रार चालते. स्वस्तात मिळणारी सर्व्हरची रजिस्टर्ड (वेगळी रजिस्टर चिप असलेली) रॅमही अशीच फसवते. ती साध्या डेस्कटॉपमध्ये चालत नाही. घेण्यापूर्वी लेबल वाचावे आणि चिप मोजाव्यात.

वेगवेगळ्या स्टिक लावताना आधी विजेची वायर काढून प्रत्येक स्टिक एकटी लावून पाहावी, तिचे सोनेरी पट्टे खोडरबराने हलकेच पुसावेत, मग दोन्ही लावून सीमॉस रिसेट करावा (बायोसची सेटिंग मूळ स्थितीत आणावी) आणि मेमटेस्ट८६+ हा रॅम तपासणारा प्रोग्रॅम रात्रभर चालू ठेवावा. एकेकट्या निर्दोष ठरलेल्या स्टिक एकत्र लावल्यावर चुका दाखवू लागल्या, तर बायोसमध्ये वेग एक पायरी उतरवून पुन्हा चाचणी घ्यावी. तरीही चुका येत राहिल्या तर ती विशिष्ट जोडी त्या बोर्डावर जमत नाही हे मान्य करावे लागते, आणि संदेशातले खरे असेल तर तेवढेच आहे.