आधी बाप्तिस्मा, मग शिधा? साफ खोटं

'यादवी पेटली की चर्चवाले धान्याची पोती घेऊन पोचतात आणि आधी बाप्तिस्मा, मग शिधा असा सौदा करतात.' हा संदेश कधीपासून फिरतोय. माझ्या मावशीने तो वाचून निर्वासितांसाठी द्यायची देणगी थांबवली, म्हणून आता गप्प बसवत नाही.

पहिला मुद्दा बियाफ्राचा, म्हणजे १९६७ मध्ये नायजेरियातून फुटून निघालेल्या पूर्वेकडच्या प्रदेशाचा: 'उपाशी पोरांना दूध दाखवून लाखोंना बाटवलं.' लिहिणाऱ्याने नायजेरियाचा इतिहास पानभरही वाचलेला नाही. १९६७ ते १९७० च्या त्या यादवीत नायजेरिया सरकारच्या नाकेबंदीत अडकले ते प्रामुख्याने तिथले इग्बो लोक. आणि इग्बो त्याच्या कितीतरी आधीपासून बहुसंख्येने ख्रिस्तीच होते, कुणी कॅथलिक, कुणी अँग्लिकन. त्यांना आणखी कशात बाटवणार होते?

घडलं ते असं. मुलं कुपोषणाने सुजून मरत होती. कॅथलिक आणि प्रोटेस्टंट संस्थांनी मिळून 'जॉइंट चर्च एड' उभी केली. साओ टोमे बेटावरून रात्री विमानं निघायची आणि बियाफ्रातल्या उली गावाजवळ, रुंद केलेल्या रस्त्यावर उतरायची. वरून बॉम्ब पडायचे, म्हणून धावपट्टीचे दिवे अगदी थोडा वेळ लावत. अशी पाच हजारांहून जास्त उड्डाणं झाली. सुमारे ६०,००० टन माल पोचला: दुधाची भुकटी, मीठ, सुकवलेले मासे, औषधं. जून १९६९ मध्ये रेड क्रॉसचं विमान पाडलं गेलं. त्यानंतर रेड क्रॉसने उड्डाणं थांबवली, चर्चच्या संस्थांनी चालू ठेवली. या कामात वैमानिक मेले. त्यांना धर्माचे दलाल म्हणताना जीभ कशी रेटते?

दुसरा मुद्दा, 'फक्त ख्रिश्चनांनाच देतात.' मग बाटवतात कुणाला? एकाच संदेशातले हे दोन आरोप एकमेकांना खोडतात. केनियातल्या दादाब छावण्यांमध्ये सोमालियातून पळून आलेले लोक जवळजवळ सगळे मुसलमान, आणि तिथे लुथरन वर्ल्ड फेडरेशनने वर्षानुवर्षं काम केलंय. सीरियात होम्सच्या वेढ्यात फ्रान्स व्हान डर लुख्त हे डच जेझुइट धर्मगुरू मुसलमान आणि ख्रिस्ती शेजाऱ्यांसोबत उपाशी राहिले. फेब्रुवारी २०१४ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी लोकांना बाहेर काढलं, तेव्हाही ते मागेच थांबले. ७ एप्रिलला त्यांना गोळ्या घालून मारलं.

हा नियम कागदावरही आहे. रेड क्रॉस आणि मदतसंस्थांची १९९४ ची आचारसंहिता बघा. कारितास, लुथरन वर्ल्ड फेडरेशन आणि वर्ल्ड कौन्सिल ऑफ चर्चेस तिच्या घडणीत सामील होत्या. दुसरं कलम सांगतं की मदत वंश, धर्म, राष्ट्रीयत्व न बघता, फक्त गरज बघून द्यायची. तिसरं सांगतं की मदतीचा वापर राजकीय किंवा धार्मिक मत पुढे रेटायला करायचा नाही. काही छोटे प्रचारक गट धान्यासोबत पत्रकं वाटतात, हे खरंय, आणि ते वाईटच आहे. पण मोठ्या छावण्यांत निर्वासितांची नोंदणी सरकार किंवा संयुक्त राष्ट्रांची निर्वासित संस्था करते, धान्य बहुतेक जागतिक अन्न कार्यक्रमाचं असतं आणि शिधा घरातल्या माणसांच्या संख्येवर ठरतो. तिथे बाप्तिस्म्याची अट कोण आणि कशी घालणार?

'संयुक्त राष्ट्रांचा सगळा पैसा चर्च खातं' या तिसऱ्या मुद्द्याला संदेशात एक आकडा नाही, एक कागद नाही. सोडून देते.

चौथा, 'मदतीमुळे युद्ध लांबलं.' यात मात्र काही तथ्य आहे, नाइलाजाने मान्य करते. मदतीच्या व्यवहारातून बियाफ्राच्या सरकारला परकीय चलन मिळालं. शस्त्रं आणणारी विमानंही उलीलाच उतरत. इतिहासकार यावर आजही भांडतात. पण हाच मुद्दा पुढे करणाऱ्यांनी दुसरी वाट कोणती होती तेही सांगावं. जमिनीवरून धान्य न्यायचं की दिवसा विमानं उडवायची, यावर दोन्ही बाजूंचं शेवटपर्यंत जमलं नाही. मुलांपर्यंत दूध पोचवायला रात्रीची ती विमानंच उरली होती.