दुसऱ्याचे मूल स्वावलंबी कसे करावे

पहिली गोष्ट नीट समजून घ्या. स्वावलंबन हे फक्त दुसऱ्याच्या मुलांना लागते. तुमचे चिरंजीव सत्तावीस वर्षांचे आहेत, हिंजवडीत नोकरी करतात, त्यांचे मोजे कुठे आहेत हे त्यांच्या आईला ठाऊक असते आणि बाइकचा विमा तुम्ही भरता. त्यांना स्वावलंबी करायच्या भानगडीत पडू नका. ते अजून ‘सेटल होतायत’. बालगृहातल्या मुलाचे तसे नसते. अठरा पूर्ण झाली की तो कायद्यानेच सेटल होतो.

अठरा कधी पूर्ण झाली, हे ठरवण्याचीही उत्तम सोय आहे. शाळेचा दाखला नाही, महापालिकेचा जन्मदाखला नाही, तर 2015 च्या बाल न्याय कायद्याच्या कलम 94 प्रमाणे हाडांची तपासणी करतात. एक्स-रे बघून डॉक्टर वय सांगतात. त्यात वर्षा-दोन वर्षांचा फरक पडू शकतो, हे डॉक्टरही मान्य करतात आणि न्यायालयेही. पण आपण हळवे व्हायचे नाही. फलाटावर सापडलेल्या पोराचे वय कुणीतरी सहाऐवजी सात लिहिले, तर अकरा वर्षांनी, म्हणजे वर्षभर आधी, तो मोठा होईल, एवढेच ना? शिवाय जन्मतारीख माहीत नसली की 1 जून लिहून मोकळे व्हायची आपली जुनी रीत आहेच. त्यामुळे जूनच्या पहिल्या आठवड्यात राज्यात घाऊक भावाने मुले सज्ञान होतात आणि नेमका तेव्हाच पाऊस सुरू होतो.

पूर्वतयारी मात्र लहानपणापासून करून घ्या. उठायची घंटा, अंघोळीची घंटा, जेवणाची घंटा. भाजी कोणती हवी, हे त्याला कधी विचारू नका. हातात पैसे देऊ नका, हिशेबाचा घोळ होतो. बाजारात एकटा पाठवू नका, जबाबदारी आपल्यावर येते. गॅस पेटवू देऊ नका, तपासणीला आलेले अधिकारी शेरा मारतात. फाटकाला कुलूप असू द्या. अशी दहा-बारा वर्षे एकही निर्णय न घेता नीट पार पडली, की एका सकाळी त्याची पत्र्याची पेटी, दाखला आणि दोन शर्ट त्याच्या हातात ठेवा आणि म्हणा, “आता तुझे निर्णय तू घ्यायचेस बरं का.” तो गोंधळला तर त्याच्यात आत्मविश्वासाची कमतरता आहे, अशी फाइलवर नोंद करा.

यात तुमचा, म्हणजे समाजाचा, वाटा काय? केक. मुलीचा वाढदिवस असला की मोठा केक घेऊन बालगृहात जा. मुले रांगेत बसलेली असतील, टाळ्या वाजवतील, तुमच्या मुलीचे नाव घेऊन गाणे म्हणतील. त्यांना ते पाठ असते, कारण त्याच आठवड्यात आणखी तीन कुटुंबे येऊन गेलेली असतात. फोटो काढा. वह्या द्या, बिस्किटे द्या, दिवाळीत फराळ द्या. मात्र हे सगळे अठराच्या आतल्यांनाच. मिसरूड फुटलेल्या मुलाबरोबर फोटो तितका बरा येत नाही.

अगदीच काही भरीव करावेसे वाटले, तर प्रशिक्षण शिबिर घ्या. मुलांना आकाशकंदील, मुलींना मेंदी. यातून उदरनिर्वाह कसा होतो, असे कुणी विचारल्यास प्रमाणपत्र दाखवा.

आता खोली. पुण्यात कॉट बेसिसवर, म्हणजे एका खाटेपुरती, जागा मिळते, त्यामुळे हा प्रश्न सुटल्यातच जमा आहे. तुम्ही स्वतः घरमालक असाल तर मुलाखत अशी घ्या.

“आडनाव काय म्हणालात?”

तो संस्थेने दिलेले आडनाव सांगेल.

“ते नव्हे हो. मूळ गाव कुठलं?”

तो गप्प बसेल. घाई करू नका. चहाचे विचारू नका, पण घाईही करू नका.

“आई-वडील काय करतात?”

“नाहीत.”

“अरेरे. मग डिपॉझिट कोण देणार? आणि दिवाळीत कुठं जाणार तुम्ही? आमच्याकडची मुलं सगळी घरी जातात, आम्ही पाच दिवस पाण्याची मोटर बंद ठेवतो.”

हा दिवाळीचा मुद्दा हुकमी आहे, तो सोडू नका. मेसही त्याच सुमारास बंद असते, कारण पोरे गावाला गेलेली असतात. ज्याला गाव नाही त्याने चार दिवस काय खावे, याचा विचार मेसवाल्याने करावा, अशी अपेक्षा धरणे चूक. त्यालाही गाव असते. मुलगा फारच सभ्य निघाला आणि सगळे मान्य करू लागला, तर पोलीस पडताळणी, अकरा महिन्यांचा करार आणि ओळख देणारे दोन स्थानिक गृहस्थ मागा. तिथे तो अडतो. अठरा वर्षांत त्याला शेकडो गृहस्थ भेटलेले असतात, पण ते सगळे केक घेऊन आलेले, फोन नंबर कुणी दिलेला नसतो.

सरकारला दोष देऊ नका, सरकारने सगळे केले आहे. त्याच बाल न्याय कायद्याचे कलम 46 आणि त्याखालचे नियम काढून बघा. संस्थेतून अठराव्या वर्षी बाहेर पडणाऱ्याला आर्थिक मदतीची सोय, 21 वर्षांपर्यंत अनुरक्षण, म्हणजे बाहेर पडल्यावरची देखभाल, अगदीच अपवाद म्हणून 23 पर्यंत. केंद्राच्या 2022 च्या मिशन वात्सल्यमध्ये अशा मुलांसाठी महिना 4000 रुपयेही आहेत. या रकमेत शहरात कॉटही हवी आणि दोन वेळचे जेवणही हवे, असा हट्ट त्याने धरू नये. एक काहीतरी निवडावे. स्वावलंबन म्हणजे शेवटी निवड करणेच की. अनुरक्षण गृहे मोजक्या शहरांत आहेत, पण तो नाहीतरी कुठल्याच गावचा नाही, तेव्हा कुठेही गेला तरी सारखेच. अर्जासोबत बँकेचे खाते जोडायचे, खात्याला पत्त्याचा पुरावा जोडायचा, पत्त्याला भाडेकरार जोडायचा आणि भाडेकरारासाठी ते पैसे. अवघड काही नाही, कुठूनही सुरुवात केली तरी चालते.

आरक्षणही आहे. 2018 मध्ये महाराष्ट्राने शिक्षणात आणि सरकारी नोकऱ्यांत अनाथांसाठी 1 टक्का समांतर आरक्षण आणले. निर्णय चांगलाच होता, याबाबत माझी टवाळखोर जीभही वळवळत नाही. पण चांगल्या निर्णयाला एकटे सोडून चालत नाही. 2021 मध्ये अनाथांचे अ, ब, क असे गट पाडले: कुणाचे कोणीच नाही, कुणाचे थोडेफार आहे, वगैरे. 2023 मध्ये ती वर्गवारी बदलून ‘संस्थात्मक’ आणि ‘संस्थाबाह्य’ अशी केली. म्हणजे आपण नेमके कोणत्या प्रतीचे अनाथ आहोत, हे मुलाने आधी समजून घ्यायचे आणि मग महिला व बाल विकास विभागाकडून तसे प्रमाणपत्र आणायचे. आपले कुणीही नाही हे सिद्ध करायला कुणीतरी बरोबर असले की काम लवकर होते.

मुलींच्या बाबतीत इतकी कटकट नाही. लग्न लावून द्या. सामुदायिक असेल तर उत्तम. मंडप एकच लागतो, मंत्री येऊन कन्यादान करतात, दुसऱ्या दिवशी बातमी येते. नर्सिंगचा अर्ज भरायचा होता म्हणून एखादी रडत असेल, तर ती माहेर सुटते म्हणून रडते आहे असे पाहुण्यांना सांगा.

कुणी सिंधुताई सपकाळांचे उदाहरण तोंडावर फेकेल. बाईंनी अठरा झाली म्हणून मुलांना दारे लावली नाहीत. शिक्षण, नोकरी, लग्न होईपर्यंत मुले त्यांचीच राहिली आणि पुढे सणावाराला लेकी-जावई येत राहिले. अशा वेळी हात जोडा. 2021 ची पद्मश्री दिली, सगळ्यांनी ‘माई’ म्हटले. याहून जास्त म्हणजे त्यांच्यासारखे वागणे, आणि ती थोरांची कामे.

एवढे करूनही काही मुले फसतात. तेव्हा घाबरून जायचे कारण नाही, व्यवस्था त्यांना विसरलेली नसते. मुंबईत टिस, म्हणजे टाटा समाजविज्ञान संस्थेने 1996 मध्ये सुरू केलेली 1098 ही मुलांसाठीची हेल्पलाइन घ्या. कल्याणच्या फलाटावर झोपलेला सतरा वर्षांचा मुलगा हा ‘काळजी व संरक्षणाची गरज असलेले बालक’ असतो; त्याच्यासाठी फोन करता येतो, बाल कल्याण समिती बसते. वाढदिवस उलटला की तोच मुलगा, त्याच फलाटावर, त्याच गोणपाटावर, 1959 च्या भीक प्रतिबंधक कायद्यात बसू शकतो. उपजीविकेचे उघड साधन नसताना, भिकेवर जगत असावा असे वाटण्याजोग्या अवस्थेत सार्वजनिक जागी भटकणे किंवा थांबणे, हेसुद्धा त्या कायद्याच्या व्याख्येत भीक मागणेच आहे. दिल्ली उच्च न्यायालयाने 2018 मध्ये या कायद्यातली मुख्य कलमे दिल्लीपुरती रद्द केली. आपण त्या फंदात पडलो नाही. पहिल्यांदा दोषी ठरला तर किमान एक वर्ष, जास्तीत जास्त तीन वर्षे संस्थेत ठेवता येते. म्हणजे अठरा झाली म्हणून संस्थेतून काढले आणि रस्त्यावर सापडला म्हणून संस्थेत घातले. घंटा, रांग, कुलूप, सगळे ओळखीचे.

क्वचित एखादा या सगळ्यातून तगतो. आयटीआय करतो, वेल्डिंगचे काम धरतो, नाहीतर थेट स्पर्धा परीक्षा पास होतो. ही बातमी कानावर आली की त्याला शोधून काढा आणि वार्षिक समारंभाला बोलवा. शाल, श्रीफळ, भाषणाला पाच मिनिटे. बालपणाबद्दल बोलायला सांगा, त्यात लोक रडतात आणि देणगीची पाकिटे भरतात. अठरा ते एकवीस या काळाबद्दल बोलू देऊ नका. विश्वस्त मंचावरच बसलेले असतात. आणि भाषणाच्या भरात त्याने समोरच्यांना विचारलेच, की यंदा संस्थेतून चार मुले बाहेर पडतायत, त्यांच्या खोलीच्या करारावर ओळख म्हणून सही करायला कोण तयार आहे, तर सूत्रसंचालिकेने हसत माईक हातात घ्यावा आणि आभारप्रदर्शन सुरू करावे. वडे गार होतात.