एकच टक्केवारी लावून सूट बसत नाही!

ताणणाऱ्या कापडावर छापून शिवायच्या सुपरहिरो सूटची फाइल घ्यायची, 180 सेंमी उंचीची आकृती 170 ला आणायची म्हणून सरळ 94 टक्के करायची आणि छापायला टाकायची. कितीदा सांगायचं, असं करू नका! उंची कमी झाली म्हणून छाती कमी होत नाही. 100 सेंमीची छाती कागदावर 94 होते, मग शिवण उसवते आणि छातीवरचं चिन्ह आडवं ताणून फिकट पडतं.

उंची आणि घेर वेगवेगळे बदला. सगळ्यात महत्त्वाचं माप कुणी घेतच नाही: खांद्यावरून, दोन पायांमधून, पाठीवरून परत त्याच खांद्यापर्यंत. हे कमी पडलं की हात वर करताच सूट खाली ओढतो, आणि चेन पहिली जाते.

फाइलवर 10 सेंमीचा चौकोन ठेवा, कापड आल्यावर मोजा. सब्लिमेशनच्या, म्हणजे उष्णतेने रंग कापडात उतरवणाऱ्या छपाईच्या, उष्णतेने कापड आकसतं. चौकोन 9.7 भरला तर 160 सेंमीच्या त्या मापात जवळजवळ 5 सेंमी गेले! म्हणून आधी त्याच कापडाचा तुकडा छापून बघा, उभा-आडवा दोन्ही मोजा; दोन्हीकडे सारखं आकसेलच असं नाही.

आणि कडेला रंग शिवणरेषेच्या बाहेर किमान 1 सेंमी वाढवा. नाहीतर ताणल्यावर शिवणीत पांढरी रेघ दिसते, ती मार्करने झाकत बसावी लागते. सुई बॉलपॉइंट (गोलसर टोकाची), टाका झिगझॅग. साधा सरळ टाका सूट घालून पहिल्यांदा खाली बसताच तुटतो.