चादर चुगली करते

हॉटेलच्या लॉन्ड्रीत चादरींना इस्त्री करणाऱ्या अवाढव्य रोलर मशीनला 'कॅलेंडर' म्हणतात. भिंतीवरच्या कॅलेंडरात अमावास्या निदान आधी छापलेली असते. इथे ती चादर बाहेर आल्यावर कळते.

चादर सुरकुतली की सगळे मशीनकडे बोट दाखवतात. माझ्या मते मशीन निर्दोष असतं. गुन्हा आधीच घडलेला असतो, चादर फक्त तिथे येऊन चुगली करते.

पहिली चुगली वाफेची. रोलखालच्या अर्धगोल पोलादी 'चेस्ट'मध्ये वाफ खेळते. गेजवर 7 बार दाब म्हणजे साधारण 170 अंश सेल्सिअस, 10 बार म्हणजे 184. सुतीला एवढं पुरतं. गेज ठणठणीत आणि चादरीचा एकच पट्टा दमट, तर स्टीम ट्रॅप, म्हणजे थंडावलेल्या वाफेचं पाणी बाहेर सोडणारी झडप, तुंबून आत पाणी साठलंय असं समजा. तापमान बघायला लेझरची बंदूक रोखू नका. चकचकीत पोलादावर ती हमखास कमी आकडा सांगते. मग उत्साही माणूस दाब वाढवतो आणि चादरीची पोळी भाजतो. टेकवून मोजायचा थर्मामीटर घ्या.

दुसरी चुगली पॅडिंगची, म्हणजे रोलभोवतीच्या मऊ गादीची, आणि खरा सासुरवास इथेच आहे. तिचं जाड कापड, म्हणजे फेल्ट, अशा दिशेने गुंडाळायचा, की रोल फिरला की तो आवळत जावा. उलट गुंडाळलात तर लुगड्याच्या निऱ्यांसारखा सुटतो. नवा फेल्ट पहिल्या काही दिवसांत बसतो आणि सैल होतो, तेव्हा पुन्हा ताणून घ्यावा लागतो. दोन-तीन रोल असतील तर पुढचा रोल मागच्यापेक्षा किंचित जाड हवा, म्हणजे तो चादर ओढून ताठ ठेवतो. काटकसर म्हणून फक्त पहिल्याच रोलला नवं पॅडिंग चढवलं, की तोच सगळ्यांत जाड होतो, चादर भराभर पुढे ढकलतो आणि दोन रोलांच्या मध्ये तिचा चुणीदार पायजमा होतो.

ओलाव्याला मात्र अंदाजपंचे चालत नाही. सुती कापड हायड्रोमधून, म्हणजे गरगर फिरवून पाणी काढणाऱ्या मशीनमधून, निघालं की 1 किलो कोरड्या कापडाचं वजन दीड किलोच्या आसपास भरायला हवं. जास्त ओलं असेल तर मशीनचा वेग कमी करावा लागतो. ड्रायरमध्ये कडक वाळवलं असेल तर सुरकुत्या शिलालेखासारख्या कायम होतात आणि कापड अंगाला चिकटतं. ड्रायर फक्त गुंता मोकळा करण्यापुरता. तराजू कोपऱ्यात असतोच, पण त्यावर सहसा चहाचे कप असतात.

चादर पिवळी पडून आली तर उष्णतेला शिव्या देण्याआधी शेवटच्या खळबळीचं पाणी तपासा. उरलेला साबणाचा क्षार तापला की पिवळा पडतो. पीएच 6 च्या आसपास आणा, अर्धा पिवळेपणा तिथेच थांबतो.

चेस्टवर मेणही लागतं. मेण लावायच्या खास कापडाच्या घड्यांत थोडं मेण भुरभुरून ते कापड रोलखालून काढायचं, मागोमाग एक जुनी चादर. कोपऱ्यात बसून कुणी पुरणपोळीवर तूप सोडावं तसं सोडलंत, तर पॅडिंगचे श्वास कोंडतात.

चादरी कधी डावीकडून, कधी उजवीकडून घालाव्यात. उशीचे अभ्रे दिवसभर मधोमधच जात राहिले, तर रोलच्या दोन्ही कडा रिकाम्या भाजत राहतात. बोटं वाचवणारी पट्टी मात्र रोज सकाळी तपासा. लाकडी पट्टीने दाबली, की रोल जागच्या जागी थांबलाच पाहिजे. बोटाने तपासू नका. इथे विनोद संपतो.

काम संपल्यावर वाफ बंद केली, तरी चेस्ट निवेपर्यंत रोल फिरता ठेवा, नाहीतर वर उचला. तापल्या चेस्टवर निजलेला रोल सकाळी करपलेला सापडतो. मध्येच वीज गेली तर हाताने रोल फिरवायचं हँडल असतं. ते कुठे आहे हे वीज असतानाच बघून ठेवा. बहुधा कपाटामागे असतं, आणि कपाटाची किल्ली रात्रपाळीवाल्याकडे.