२००९ च्या लिंकन पेनीवरील ‘चुका’ : एका लोकप्रिय दाव्याची तपासणी

अब्राहम लिंकन यांच्या जन्माला दोनशे वर्षे झाली, त्या निमित्ताने अमेरिकेच्या टांकसाळीने २००९ साली एक सेंटच्या नाण्याच्या, म्हणजे पेनीच्या, मागील बाजूवर चार निरनिराळी चित्रे घेतली. केंटकीतील लाकडी खोप, इंडियानात ओंडक्यावर बसून वाचणारा तरुण लिंकन, इलिनॉयच्या राज्य विधिमंडळासमोर उभे असलेले वकील लिंकन आणि वॉशिंग्टनमधील कॅपिटॉलची इमारत, अशी ती चित्रे होत. या नाण्यांविषयी एक दावा चित्रफितींतून आणि संदेशांतून सतत फिरत असतो. त्याचा आशय असा : २००९ ची पेनी मुळातच फार थोडी पाडली गेली, तिच्यावर टांकसाळीचे चिन्ह (नाणे कोणत्या टांकसाळीत पाडले ते सांगणारे अक्षर) नसेल, कॅपिटॉलचा घुमट अर्धवट असेल, नाणे नेहमीपेक्षा जड भरत असेल, अक्षरे दुहेरी दिसत असतील किंवा पृष्ठभागावर फोड असतील, तर ती टांकसाळीची दुर्मीळ चूक आहे आणि त्या नाण्याचे हजारो डॉलर येतात.

यात तथ्याचा एक कण आहे, कारण २००९ च्या काही पेनींवर खरोखरच साच्यातील दोष उतरला आहे. बाकीच्या दाव्यांना मात्र एकच प्रश्न विचारावा लागतो : नाणे तयार होण्याच्या नेमक्या कोणत्या टप्प्यावर ही चूक घडली? हब (ज्याच्यावरून साचा बनवतात तो उठावदार पोलादी ठसा), साचा, कोरी चकती आणि छाप असे हे टप्पे मोजके आहेत, आणि त्यांपैकी एकाकडेही बोट दाखवता येत नसेल, तर ते वैशिष्ट्य एक तर मूळ आराखड्याचा भाग असते किंवा नाणे टांकसाळीबाहेर पडल्यानंतर झालेली हानी असते.

घुमटाचा मुद्दा लवकर निकालात निघतो. ४ मार्च १८६१ रोजी लिंकन यांनी अध्यक्षपदाची शपथ घेतली तेव्हा कॅपिटॉलच्या नव्या घुमटाचे काम चालू होते. त्याच्या शिखरावरील स्वातंत्र्याची मूर्ती डिसेंबर १८६३ मध्ये बसली. अध्यक्षपदाच्या काळाचे चित्र म्हणून अर्धवट घुमट मुद्दाम निवडलेला आहे आणि तो त्या प्रकारच्या प्रत्येक नाण्यावर आहे. चिन्हाचेही तसेच. डेन्व्हरच्या टांकसाळीतील नाण्यांवर ‘डी’ असतो, पण फिलाडेल्फियाच्या सेंटवर २०१७ हे एकच वर्ष वगळता चिन्ह नसतेच, म्हणून २००९ ची चिन्हविरहित पेनी ही फिलाडेल्फियाची साधी पेनी होय. चिन्ह राहून जाण्याची खरी चूक कशी असते हे १९९० च्या प्रूफ, म्हणजे संग्राहकांसाठी खास पाडलेल्या, सेंटवरून कळते. तेथे सॅन फ्रान्सिस्कोचा ‘एस’ असायलाच हवा होता आणि काही नाण्यांवर तो नाही.

‘फार थोडी पाडली’ हे विधान अर्धसत्य आहे. आर्थिक मंदीमुळे २००९ साली नव्या नाण्यांची मागणी घटली आणि आदल्या वर्षी ५०० कोटींहून अधिक निघालेल्या सेंटची संख्या त्या वर्षी सुमारे २३५ कोटींवर आली. चारही चित्रांत सर्वांत कमी संख्या फिलाडेल्फियाच्या अध्यक्षपदाच्या नाण्याची, तीही जवळपास १३ कोटी. नवी नाणी सुरुवातीला सुट्या पैशांत सहज हाती लागत नव्हती, त्यामुळे नाण्यांच्या न फोडलेल्या गुंडाळ्या काही काळ चढ्या भावाने विकल्या गेल्या. त्या काळातील किमतींची छायाचित्रे आजही पुरावा म्हणून दाखवली जातात, हे मला या प्रकारातील सर्वांत दिशाभूल करणारे वाटते.

वजनाच्या मुद्द्याकडे अधिक लक्ष द्यायला हवे, कारण येथे वजनकाट्यावरचा आकडा खरा असतो आणि निष्कर्ष चुकतो. चलनातील सेंट १९८२ पासून तांब्याचा पातळ मुलामा दिलेल्या जस्ताचा आहे. त्याचे वजन २.५ ग्रॅम असून त्यात ०.१ ग्रॅमची कमीजास्त मान्य आहे. मात्र २००९ च्या नाण्यांसाठी केलेल्या कायद्यात संग्राहकांकरिता १९०९ सालच्याच मिश्रधातूची, म्हणजे ९५ टक्के तांबे आणि उरलेले कथील व जस्त अशी, नाणी पाडण्याची तरतूद होती. ती ३.११ ग्रॅमची आहेत आणि टांकसाळीच्या वार्षिक संचांतून विकली गेली. कोणी असा संच फोडून त्यातील पेनी खर्च केली, की ती सुट्या पैशांत येते आणि पाहणाऱ्याला वाटते की चुकीच्या धातूवर छाप पडला. पृष्ठभागावर संचातील नाण्यांची रेशमी, मंद झळाळी आहे का, हे पाहिले तर हा गैरसमज बहुधा तेथेच मिटतो. चुकीच्या चकतीवर छाप पडण्याचे प्रकार खरोखर घडतात, पण त्यांची खूण वेगळी असते : दहा सेंटच्या चकतीवर पडलेला सेंट सुमारे २.२७ ग्रॅम भरतो, व्यासाने लहान असतो आणि कडेची काही अक्षरे चकतीबाहेर राहिल्याने अपुरी उमटतात.

आता दुहेरी अक्षरांकडे वळू. सर्वाधिक गोंधळ येथेच आहे आणि तथ्याचा तो कणही येथेच आहे. साचा बनवताना उठावदार चित्र असलेला पोलादी हब साच्याच्या पोलादावर प्रचंड दाबाने दाबतात. पूर्वी हे काम एकाहून अधिक वेळा करावे लागे आणि दोन दाबांच्या मध्ये साचा भट्टीत तापवून मऊ केला जाई. दुसऱ्या वेळी तो किंचित फिरलेला असला, तर संपूर्ण मजकूर दुहेरी उमटे. १९५५ चा प्रसिद्ध सेंट असाच निर्माण झाला. १९९० च्या दशकात एकाच दाबात साचा पूर्ण करण्याची पद्धत आली. या पद्धतीत साच्याच्या पोलादाचा माथा किंचित शंकूसारखा ठेवलेला असतो, म्हणून हब आधी मध्यभागी टेकतो. त्या क्षणी तो तिरका असेल, तर मध्यभागी एक पुसट ठसा उमटतो आणि नंतर दाब वाढताना हब सरळ होऊन मुख्य ठसा त्याच्या शेजारी बसतो. त्यामुळे आधुनिक नाण्यांवर साच्यातील दुहेरीपणा मुख्यतः मध्यभागी सापडतो. इंडियानाच्या चित्रात मध्यभागी नेमके काय आहे? लिंकनचा हात आणि पुस्तक. म्हणूनच या चित्रावर जादा बोट दिसणारे अनेक प्रकार नोंदले गेले आहेत. काहींत ते ठळक आहे, काहींत भिंगाखालीही शोधावे लागते.

या माहितीचा व्यावहारिक उपयोग असा, की २००९ च्या पेनीवर काठाजवळील अक्षरे किंवा सालाचे आकडे दुहेरी दिसत असतील आणि मध्यभाग स्वच्छ असेल, तर आधी यांत्रिक दुहेरीपणाचा संशय घ्यावा. साचा यंत्रात सैल बसलेला असेल, तर छाप पडल्यानंतर तो किंचित सरकतो आणि नुकताच उठलेला धातू घासून सपाट करतो. अशा वेळी अक्षराच्या कडेला चपटी, चकचकीत, खालच्या पातळीवरची पायरी दिसते आणि मूळ अक्षर तेवढेच बारीक होते. साच्यातील दुहेरीपणात याच्या उलट घडते : अक्षर जाड होते, दुसरी प्रतिमा गोलसर व उठावदार असते आणि अक्षरांच्या टोकांशी खाच दिसते. शिवाय तो दोष साच्यातच असल्याने त्या साच्यातून निघालेल्या प्रत्येक नाण्यावर तो त्याच जागी, त्याच आकाराचा असतो. आपले नाणे नोंदलेल्या प्रकाराच्या छायाचित्राशी ताडून पाहता येते ते याच कारणाने. यांत्रिक दुहेरीपणा मात्र प्रत्येक छापाबरोबर बदलू शकतो. त्यासाठी संग्राहक जादा पैसे देत नाहीत, आणि माझ्या मते देऊही नयेत.

जस्ताच्या पेनीवर आणखी एक फसवी छटा दिसते. छाप पडताना तांब्याचा पातळ थर ताणला जाऊन अक्षराच्या बाजूला फाटतो आणि आतील जस्ताची करडी रेघ सावलीसारखी उघडी पडते. साचा झिजला, की अक्षरांच्या कडा सुजल्यासारख्या होतात, तेही दुहेरीपणाचेच भासते. फोडांचे कारण याहून साधे आहे : मुलामा आणि जस्त यांच्यामध्ये अडकलेली हवा. १९८२ नंतरच्या सेंटवर ते इतके सर्रास आढळतात की त्यांना वेगळी किंमत नाही.

संपूर्ण करड्या, म्हणजे मुलामाच न चढलेल्या पेनीला किंमत असते, आणि म्हणूनच मुलामा रसायनाने काढून तशी पेनी बनवली जाते. येथे वजनकाटा निरुपयोगी ठरतो. एकूण वजनात तांबे फक्त अडीच टक्के, म्हणजे साधारण ०.०६ ग्रॅम असते, आणि एवढा फरक मान्य मर्यादेच्या आतच पडतो. निर्णय पृष्ठभाग पाहूनच द्यावा लागतो. रसायनातून गेलेले जस्त निस्तेज व खरवडल्यासारखे दिसते आणि बारीक तपशील बोथट होतात, तर मुलामा नसलेल्या चकतीवर पडलेल्या छापाची झळाळी शाबूत असते.

किमतीविषयीचा दावा दोन गोष्टींची सरमिसळ करून उभा केलेला आहे. पहिली म्हणजे विक्रेत्याने मागितलेली किंमत आणि प्रत्यक्ष झालेल्या व्यवहाराची किंमत. सेंटसाठी कोणीही दहा हजार डॉलर मागू शकतो. त्या किमतीला गिऱ्हाईक मिळाले का, हे पूर्ण झालेल्या विक्रींच्या यादीतच कळते. दुसरी म्हणजे दोष आणि श्रेणी. एकही ओरखडा नसलेल्या, श्रेणी ठरवणाऱ्या संस्थेने अगदी वरचा दर्जा दिलेल्या साध्या पेनीलाही मोठी किंमत येऊ शकते, पण ती निर्दोष अवस्थेची असते. चित्रफितीत अशा व्यवहाराचा आकडा खिशातल्या, झिजलेल्या पेनीला लावला जातो.

खऱ्या दोषांतही किमतीचे अंतर मोठे आहे. नुसत्या डोळ्यांना दिसणारे जादा बोट आणि दहापट भिंगाखाली जेमतेम जाणवणारी रेघ यांचे मोल एक नव्हे. मध्यापासून सरकलेल्या छापाचे मोल किती टक्के सरकला, साल वाचता येते का आणि चारपैकी कोणते चित्र आहे हे ओळखू येते का, यांवर ठरते. प्रमाणपत्राचे शुल्क आणि टपालखर्च नाण्याच्या अपेक्षित किमतीहून अधिक होत असेल, तर ते नाणे संस्थेकडे पाठवण्याऐवजी नोंदलेल्या प्रकाराचा क्रमांक आणि दोषाचे स्पष्ट छायाचित्र जोडून तसेच विकणे परवडते.