कोळसा भरला म्हणजे टाकीतली हवा शुद्ध झाली असं नाही

"जुन्या कॉम्प्रेसरच्या फिल्टरमध्ये ताजा अ‍ॅक्टिव्हेटेड कोळसा भरा, सगळे विषारी वायू अडतात, हवेला वास नाही म्हणजे ती चांगली," असा मेसेज कॉम्प्रेसरने (हवा दाबून टाकीत भरणाऱ्या मशीनने) टाक्या भरून डायव्हिंग करणाऱ्यांत फिरतोय. तो चुकीचा आहे आणि जिवावर बेतू शकतो.

कोळसा तेलाची वाफ आणि वास धरतो. इंजिनाच्या धुरातला विषारी वायू, कार्बन मोनॉक्साइड, त्यातून सरळ पार होतो, आणि त्याला मुळात वासच नसतो. त्यासाठी हॉपकलाइट लागतं, म्हणजे मँगनीज आणि तांब्याच्या ऑक्साइडांचं मिश्रण. पण ओल लागली की ते निकामी होतं, म्हणून हवा आधी मॉलिक्युलर सिव्हमधून (ओल शोषणाऱ्या दाण्यांच्या थरातून) कोरडी होऊनच तिथे पोचली पाहिजे.

सेपरेटरचा (हवेतलं पाणी आणि तेल वेगळं करणाऱ्या भांड्याचा) कॉक उघडल्यावर फसफसत दुधाळ पाणी येतं ना, ते तेल मिसळलेलं पाणी आहे. दर १०-१५ मिनिटांनी काढलं नाही तर ते फिल्टरवर चढतं. पूर्ण दमट हवेत २० अंशांना घनमीटरमागे सुमारे १७ ग्रॅम पाणी असतं, ४० अंशांना ५१. त्यामुळे उन्हात तापलेल्या मशीनचं फिल्टर पुस्तिकेतल्या तासांच्या बरंच आधी संपतं.

हवा ओढणारी नळी इंजिनाच्या धुरापासून लांब, वारा येतो त्या बाजूला ठेवा. ३० मीटर खाली दाब चौपट असतो, तिथे थोडासा मोनॉक्साइडही भारी पडतो.