दगडबाग, काका-काकू आणि पेन्सिलने लिहिलेली पट्टी

नाशिकमध्ये दगडबाग (दगडांच्या मधे रोपं लावून केलेली बाग) करणाऱ्या कितीतरी जणांकडे या काका-काकूंच्या घरचं एखादं तरी रोप आहे. त्यांना गाजावाजा नको असतो, म्हणून नाव लिहीत नाही. पण त्यांच्याकडचं रोप जगतं आणि विकत आणलेलं पहिल्याच पावसाळ्यात सडतं, हे का होतं ते लिहायलाच हवं.

दोष बहुतेक वेळा मातीचा. आपली काळी माती पावसात पाणी धरून बसते आणि उन्हाळ्यात भेगाळून मुळं तोडते. काकांचं मिश्रण साधं आहे: दोन घमेली चाळलेला मुरूम, एक घमेलं बारीक खडी, अर्धं घमेलं पूर्ण कुजलेलं शेणखत. खडी धुऊनच घ्यायची. क्रशरची भुकटी तिच्यात राहिली की दोन पावसांत सगळं घट्ट बसतं. वाफा जमिनीपासून दीड फूट उंच. तळाला विटांचे तुकडे आणि वर चिकण माती, असं बरेच जण करतात. त्याने निचरा होत नाही, पाणी वरच्या मातीतच अडकतं. आणि दगड मांडायच्या आधी लव्हाळ्याच्या गाठी खणून काढा. नंतर त्या दगडाखालून निघत नाहीत.

दगड आपला काळाच घ्यावा, पण पांढऱ्या स्फटिकांचे ठिपके भरलेला, ठिसूळ नको. तो उन्हापावसात झिजून सुटत जातो. प्रत्येक दगड निदान एक तृतीयांश जमिनीत, माथा किंचित मागे, चढाच्या बाजूला कललेला, म्हणजे पाणी मुळांकडे जातं. हे काम दोघांचंच आहे. एकाने पहार धरायची, दुसऱ्याने दहा पावलांवरून बघून सांगायचं. काकूंची नजर इथे अचूक आहे: सगळ्या दगडांच्या रेघा एकाच दिशेला हव्यात, नाहीतर बांधकामाचा ढिगारा वाटतो.

एप्रिलमध्ये काळा दगड तव्यासारखा तापतो. रोप दगडाच्या पूर्वेला किंवा उत्तरेला लावा, पश्चिमेला नको. बुंध्याभोवती दीड इंच खडी पसरा. संगमरवराचे तुकडे मात्र टाळा, त्यांची चकाकी खालून पानं भाजते. अडेनियम या फुगीर बुंध्याच्या फुलझाडावर पावसासाठी जूनपासून तिरपं पारदर्शक छप्पर, बाजू मोकळ्या.

माझ्या मते त्यांचं सर्वात मोठं देणं मात्र बियांचं आहे. अडेनियमची शेंग फुटली की बी वाऱ्यावर उडून जातं, म्हणून काकू शेंग फुगताच तिला दोरा गुंडाळतात. बी कागदी पाकिटात, तारीख घालून, आणि लवकरात लवकर दुसऱ्याच्या हातात, कारण जुनं बी रुजत नाही. नावाच्या पट्टीवर पेन्सिल. मार्करची शाई उन्हात उडते आणि मग रोप निनावी होतं.

अशी देवाणघेवाण असली की रानातली रोपं उपटायला नाशिकजवळच्या अंजनेरीच्या डोंगरावर खुरपं घेऊन जायची कुणाला गरज वाटू नये. सेरोपेजिया अंजनेरिका ही रानवनस्पती त्या डोंगराच्या नावाने ओळखली जाते. तिचा कंद उपटून कुंडीत लावणं ही चोरीच आहे, आणि आपल्या मंडळींनी तसं स्पष्ट म्हणावं.

माकडशिंगीची (निवडुंगासारख्या मांसल खोडाची) फांदी ज्यांनी नेली आहे त्यांच्यासाठी: कापलेलं टोक आठवडाभर सावलीत वाळू द्या, खडीवर नुसती टेकवून ठेवा, पुरू नका. पाणी त्यानंतर आठ दिवसांनी.